गुरुवारची अकरा माणसं

कार्बन पेपर मऊ पडला की समजायचं, उन्हाळा आला. कॅलेंडर बघायची गरजच नाही. सकाळी ऑफिसात येऊन पाच कागदांच्या मध्ये चार कार्बन सरकवायला जावं, तर ते उकडलेल्या पानासारखे लोंबतात, बोटांना निळे डाग देतात आणि शेवटच्या कॉपीवर अर्धी अक्षरं उमटतच नाहीत. भिंतीला घाम, खुर्चीला घाम, टायपिंग मशीनच्या लोखंडालासुद्धा घाम. खाडीवरून वारा येतो तो असा, की कुणी तोंडासमोर भाताच्या टोपावरचं झाकण उघडलंय. आज सकाळी पहिल्याच कागदाला कार्बन चिकटला आणि मला मागचा उन्हाळा आठवला. आठवला म्हणजे काय, विसरलो कधी होतो!

हे मी हाताने लिहितोय हां. मराठीचं मशीन दुबईत कुठून आणू? डोकं इंग्लिश टायपिंगच्या स्पीडने पळतंय आणि पेन मागून लंगडत येतंय. काही सुटलं तर सांभाळून घ्या.

स्पीडचं आधी सांगतो, कारण सगळं पाप तिथेच आहे. मिनिटाला साठ शब्द! बावीस वर्षांच्या पोराला दुसरं असतं काय मिरवायला? रत्नागिरीला टायपिंगच्या क्लासमध्ये आमचे मास्तर डोक्यामागे उभे राहून म्हणायचे, "वाचू नकोस. वाचलंस की बोट अडतं. अक्षर डोळ्यातून आत घ्यायचं, बोटातून बाहेर काढायचं. मध्ये डोकं कशाला पाहिजे?" मी ते इतकं मनावर घेतलं की इथे ऑफिसात दिवसाला तीस-तीस लेटरं मारायचो आणि संध्याकाळी कुणी विचारलं, काय होतं रे त्यात, तर मला एक लाईन सांगता यायची नाही. समोरच्या टेबलावरचा कुरियन, आमचा मल्याळी स्टोअर क्लार्क, घड्याळ लावून माझा टायमिंग घ्यायचा. "सलीम भाई, एक मिनिट पचास सेकंड! कमाल है!" आणि मी कॉलर ताठ करायचो.

मला इथे आणलं मामूंनी. उस्मानमामू, माझ्या अम्माचे सख्खे भाऊ. माझ्याआधी सात वर्षं आगबोटीने आले आणि कंपनीच्या खाणीवरच्या कॅम्पात कुक म्हणून लागले. बंदराचं काम चाललंय ना, त्याला लागतो दगड, आणि दगड येतो डोंगरातून, एका वादीतून. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मध्ये गोट्यांचं पात्र, कुठेतरी चार खजुरी, एखादी विहीर, सात-आठ घरं. त्या वादीच्या टोकाला आमचा कॅम्प. ऐंशी माणसांचं जेवण मामूंच्या हातचं. दुबईपासून बसने चार तास, तेही वाळूने कृपा केली तर.

ती बस! निळी होती. खिडक्यांना काच नाही, जाळी. बसायला लाकडी फळ्या. दर गुरुवारी दुपारी खाणीवरून निघायची, वादीतल्या तीन वस्त्यांवर थांबायची आणि संध्याकाळी आमच्या ऑफिसच्या मागच्या यार्डात येऊन फुस्स करून उभी राहायची. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की परत. कंपनीची गाडी, पण वस्तीवरची माणसंही त्यात चढायची. ड्रायव्हर दिलमुराद, बलुची, कुणाला नाही म्हणायचा नाही. एक बुरखेवाली म्हातारी कोंबड्या घेऊन यायची. एकजण बकरी घेऊन. वाटेत खारट चिखलाचा एक पट्टा लागतो, वरून कोरडा, आत दलदल. तिथे दिलमुराद ओरडायचा, "यल्ला, सब नीचे!" की सगळे उतरून चालायचे, बस रिकामी पुढे जायची. चाक रुतलं तर चटया टाकायच्या, ढकलायचं. म्हातारी उतरायची नाही. कोंबड्यांसकट वरच. आणि मामू खालून म्हणायचे, "आजी, तुझ्या कोंबड्या तरी उतरव गो, तेवढाच भार कमी!" तिला मराठी काय कळणार? पण ती हसायची. रडक्या आवाजात काहीतरी अरबीत बोलायची आणि हसायची.

यार्डात उतरले की मामूंच्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या असायच्या. चार तास धुरळ्यातून आलेल्या, तरी मऊ! मी आत मशीनवर असायचो. मामू दाराशी उभे राहून ऐकायचे आणि कुणालाही सांगायचे, "ऐका, आमच्या भाच्याच्या बोटात पत्र्यावरचा पाऊस हाय." मला लाज वाटायची. आता कुणी म्हणत नाही तर ऐकावंसं वाटतं.

पण मामू काही भाकऱ्या द्यायला येत नव्हते. डोळा दाखवायला यायचे. काचबिंदू. डावा डोळा आधीच गेला होता, चुलीच्या धुराने असेल म्हणून त्यांनी वर्ष काढलं. उजवा राहिला होता. दुबईतल्या देरा भागातले डॉक्टर आपलेच, हिंदुस्थानी. त्यांनी समोर बसवून सांगितलं होतं, "चाचा, दर आठवड्याला डोळ्यातलं प्रेशर बघणार. थेंब रोज चार वेळा. बाटली एकच देणार, तिकडच्या गरमीत दवा आठ दिवसांच्या वर टिकत नाही. एक हप्ता पण चुकवायचा नाही. समझे?" मामू म्हणाले, "समझ्या. गुरुवार हाय ना." गुरुवार हाय ना! किती भरवसा होता त्या निळ्या डब्यावर.

आणि साहेबांचं सांगायचं राहिलं. मिस्टर प्रॉसर, आमचे ट्रान्सपोर्टचे साहेब. कुणी इंग्लिश साहेब म्हटलं की चिडायचे. "आय ॲम नॉट इंग्लिश, सलीम. वेल्श." मला काय फरक कळणार? तर त्यांनी एकदा कागदावर डोंगर काढून दाखवले. दोन डोंगर, मध्ये चिंचोळी दरी, दरीत घरांची रांग. "तुमच्या खाणीसारखंच आहे बघ. फक्त तिथे पाऊस थांबत नाही." वाईट माणूस नाही हो. ईदला मला पार्करचं पेन दिलं, त्याच पेनने हे लिहितोय. वाईट नव्हता हेच तर वाईट झालं. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

मागच्या जूनची गोष्ट. अशीच सकाळ, असेच लोंबणारे कार्बन. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, पर्सनल लेटर आहे, डिक्टेट करतो. तिकडे, त्यांच्या दरीत, कोळशाची खाण बंद झाली, मग रेल्वे बंद झाली, आणि आता दर मंगळवारची बसही काढून टाकणार होते. पॅसेंजर कमी म्हणून. साहेबांची म्हातारी आई वरच्या अंगाला एकटी राहते. मंगळवारी त्या बसने खाली गावात जायची, पाय दाखवायचे डॉक्टरला, चर्चमध्ये बसायचं, बायकांशी बोलायचं, परत यायचं. बस नसली तर डोंगर उतरून दोन मैल, पावसात. साहेब खिडकीकडे बघून बोलत होते. डिक्टेशन असल्यामुळे मी ऐकलं. ऐकावंच लागतं. एक वाक्य अजून पाठ आहे. मराठीत सांगतो: "तुम्ही रिकाम्या सीटा मोजता, पण भरलेल्या सीटवर कोण बसलंय आणि ते कुठे चाललंय, हे एकदा तरी बघा." वाटलं, वा! असा माणूस आमचा साहेब! मी ते लेटर इतकं सुंदर मारलं, इतकं सुंदर, दोन्ही बाजूंना मार्जिन पट्टीने आखल्यासारखं. एकही खाडाखोड नाही.

त्याच तासात त्यांनी हाताने लिहिलेले आठ-दहा कागद माझ्या ट्रेमध्ये टाकले. रोजचीच सर्क्युलरं. मी डोकं बंद केलं आणि बोटं चालू केली. कुरियन घड्याळ घेऊन उभा. शेवटचा कागद आठ ओळींचा, पाच कॉप्या. "एक मिनिट चालीस! रेकॉर्ड!" कुरियन ओरडला. मी हात वर करून हसलो. अजून दिसतं मला ते, मी हात वर करून हसतोय.

कुरियनने कागद उचलला. वाचला. त्याला वाचायची सवय होती. त्याचा चेहरा बदलला.

"सलीम भाई, ये तुमने पढा?"

"पढने का टाइम किसको है?"

"थर्सडे का बस बंद. पहली तारीख से. और ट्रक में भी कोई आदमी नहीं बैठेगा, ड्रायव्हर का नौकरी जाएगा." त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. "तुम्हारा मामू कैसे आएगा?"

मी वाचला. स्वतः मारलेलं पत्र पहिल्यांदा वाचलं. खाणीवरून सरासरी पॅसेंजर अकरा, सबब गाडी बंद. अकरा! अहो, ती मोजणी झाली होती रमझानात. रोज्यात कोण चार तास उन्हातान्हात वाळू ढकलायला जातो? बाकी वर्षभर वीस-पंचवीस असायचे, फळीवर जागा नसायची. कंपनीने नेमके रमझानचे चार गुरुवार धरले. लबाडीने नसेल. कुणाच्या लक्षात आलं नसेल इतकंच. त्यांच्या कॅलेंडरात ते साधे चार गुरुवार.

मी केबिनमध्ये गेलो. सांगितलं, सर, माझे मामू, डोळा, डॉक्टर. साहेबांनी ऐकून घेतलं, खरंच नीट ऐकलं. म्हणाले, "आय ॲम सॉरी, सलीम. हेड ऑफिसचा डिसिजन आहे. डिझेल, टायर, ड्रायव्हर. दिलमुराद दगडाच्या ट्रकवर जाईल. कॅम्पला फर्स्ट-एड बॉक्स आहेच."

फर्स्ट-एड बॉक्स.

मग पहिला गुरुवार रिकामा गेला. बस त्याच यार्डात उभी, माझ्या खिडकीतून दिसते. आजही उभी आहे. टायर बसलेत, खाली मांजर व्यालीय. तेव्हा बंद होऊन चारच दिवस झाले होते ना, तर मला सारखं वाटायचं, आता कुणीतरी येईल, चावी लावेल. चार वाजले, पाच वाजले. मामू आले नाहीत. येणार कुठून? पण कान दाराकडे. बोटं चुकायला लागली.

मी औषध पाठवून बघितलं. ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून दिलमुरादच्या ट्रकवर द्यायची. पहिली पोचली. दुसरी दगडांच्या हादऱ्याने फुटली. तिसरी पोचली, पण दिलमुराद म्हणाला, "पानी गरम चाय जैसा था, भाई." डॉक्टरांकडे गेलो तर ते माझ्यावरच तापले, "बाटली पाठवून काय होतं? डोळा पाठव!" दिलमुरादकडून मामूंना सांगितलं होतं, नोकरी सोडून या. ते म्हणाले, कराराचे पाच महिने राहिलेत, अध्येमध्ये सोडून पळाला असं कुणी म्हणायला नको. आणि ऐंशी माणसं जेवायची थांबतील काय? पाचच महिने. इन्शाल्ला निघून जातील.

मग माझ्या डोक्यात ती आयडिया आली. हसू नका. साहेबांच्या पर्सनल लेटरची कार्बन कॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढली आणि तेच पत्र मारलं, वाक्यावर वाक्य. मंगळवारच्या जागी गुरुवार. म्हाताऱ्या आईच्या जागी कुक उस्मान. चर्चच्या जागी मशीद, पावसाच्या जागी ऊन, पायाच्या जागी डोळा. बाकी एक शब्द बदलला नाही. बदलायची गरजच पडली नाही, हे बघून मीच गार पडलो. दरी ती दरी, खाण ती खाण. "तुम्ही रिकाम्या सीटा मोजता" जसंच्या तसं. मला वाटलं, साहेब हे वाचतील आणि त्यांना त्यांची आई दिसेल. आणि काय, दुसऱ्या दिवशी बस चालू! किती बावळट असतो माणूस बावीस वर्षांचा.

सही पाहिजे होती मामूंची. शुक्रवारी पहाटे दिलमुरादने मला रिकाम्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली घातलं. "पकडा गया तो मैं बोलेगा, ये पत्थर है," म्हणाला. चिखलाच्या पट्ट्यावर कुणी उतरलं नाही, कुणी ओरडलं नाही. वस्तीवर ती कोंबड्यांवाली म्हातारी रस्त्याकडेला बसली होती. शुक्रवार होता, तरी. ट्रकचा आवाज ऐकून उठली, धुरळ्यात उभी राहिली. आम्ही थांबलो नाही. थांबायची ऑर्डर नव्हती. ऑर्डर मीच मारली होती.

मामू चुलीपाशी होते. कांदा चिरत होते, भराभर, नेहमीसारखे. मला बरं वाटलं. मग बघितलं, ते कांद्याकडे बघतच नव्हते. मीठ घेतलं ते डब्याच्या कडेवर बोट फिरवून. मी अगदी समोर उभा होतो आणि ते म्हणाले, "कोण हाय? जेवण अजून व्हायचाय."

"मामू, मी सलीम."

"मेल्या! असा भुतासारखा उभा काय ऱ्हायलास? बोलायचं तरी!" हसत हसत डोळे चोळले. "धूर हाय रे. धुराने काय दिसत नाय आज."

धूर नव्हता. चूल विझलेली होती.

पत्र वाचून दाखवलं, मराठी करून. मामू लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "फार चांगला लिवलंस. कुठून सुचतं तुला?" पेन हातात दिलं, कागदावर बोट टेकवून जागा दाखवली. त्यांनी सावकाश, जीभ दातात धरून सही केली. मोडीसारखी वळणाची, जुन्या शाळेतली. पण हात वर सरकला. सही उमटली थेट पत्राच्या मजकुरावर, आडवी, तीन ओळींच्या अंगावरून.

"ओळीवर झाली ना रे?"

"हो मामू. ओळीवर."

ते पत्र पुन्हा मारावं असं मनात आलं होतं. मारलं नाही. वाटलं, ही सहीच बघू दे साहेबांना, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

साहेबांनी वाचलं. मी समोर उभा. मधल्या एका ओळीवर त्यांचे डोळे थांबले. मला ठाऊक होतं कुठली. मान लाल झाली. खिडकीतून त्या निळ्या बसकडे बघत राहिले. एसीचा घरघर आवाज. मग म्हणाले, "चांगलं पत्र आहे." "तिकडचा रस्ता पब्लिकचा आहे, सलीम. हा कंपनीचा. तिथे मी मागू शकतो. इथे..." वाक्य पुरं केलं नाही. पॅड ओढलं, चार ओळी लिहिल्या आणि मलाच दिल्या. टाईप करायला! सरासरी अकरा पॅसेंजरमुळे सेवा परवडत नाही, कळवण्यास खेद होतो. मी ते शब्द न् शब्द वाचून मारलं. चार ओळींना सात मिनिटं लागली. कुरियनने घड्याळ काढलं नाही.

ऑगस्टमध्ये रुतब आला, अर्धा पिकलेला ओला खजूर, बाजारात ढीगच्या ढीग. साहेबांनी एक दिवस सगळ्या ऑफिसला वाटला. मोठी परात, वर माश्या बसू नयेत म्हणून जाळी. खूश होते. त्यांच्या आईचं पत्र आलं होतं, मंगळवारची बस परत चालू झाली! माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुझ्या टायपिंगने काम केलं, सलीम. काउन्सिलवाले म्हणाले, इतकं नीट पत्र बघितलं नव्हतं." मी विचारलं, "सर, किती पॅसेंजर असतात?" सहज विचारलं. त्यांनीही सहजच सांगितलं. आणि मग ते पुढच्या टेबलावर गेले. मी खजूर तोंडात धरून उभा राहिलो. गोड होता. थुंकताही येईना.

त्याच आठवड्यात कॅम्पातून मामूंना पाठवून दिलं. उकळत्या डाळीचा टोप पायावर घेतला होता. कुकला दिसत नाही म्हटल्यावर करार खलास. त्या दिवशी मात्र निळी बस चालू झाली, स्पेशल. मामूंना आणायला. एक पॅसेंजर.

आता माझं स्पीड पस्तीसवर आलंय. सगळं वाचतो. अम्माचं पत्र येतं, शेजारच्या मुलीने लिहिलेलं. त्यात मामूंचं असतं एखादं वाक्य. आमच्या गावात एसटी आता दाराशी थांबते, कंडक्टर रोज विचारतो, चाचा येताय काय, आणि मामू म्हणतात, आता बघायला काय नेतोस?

मामूंना गावी पाठवायला धक्क्यावर नेलं तेव्हाचंच डोळ्यासमोर येतं. आगबोट लांब उभी, तिथपर्यंत लाँच. भट्टीसारखी दुपार, कपडे अंगाला चिकटलेले, पाण्यावर चांदीसारखं ऊन. मामूंच्या पायाला बँडेज, माझ्या खांद्यावर त्यांचा हात. मी पायरी मोजत होतो, मामू एक, मामू दोन. लाँचमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या साहेबाच्या म्हातारीची बस मिळाली काय रे? तू बोललेलास."

"मिळाली."

"बरा झाला. म्हाताऱ्या माणसाला बस पायजेच." खरंच बरं वाटलं होतं त्यांना, तोंडावर दिसत होतं. मग पाण्याकडे तोंड करून, "भरून जात असेल तिकडे. किती माणसं असतात?"

मला खोटं सांगता आलं असतं. सही ओळीवर आली म्हणून सांगितलंच होतं की.

"चार," मी म्हटलं.

मामूंनी मान हलवली. बोटं मोजत राहिले, एकेक पेर अंगठ्याने दाबत. "रमझानातली धरली तर मी, ते तीन पठाण, दोघे मेकॅनिक, बकरीवाला, त्याचा भाऊ, ते दोघे सुतार..." शेवटच्या पेरावर अंगठा थांबला.

"आणि आजी," ते म्हणाले. "आमची अकरा होती ना रे?"